सातबारा ते वर्गखोली



छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की वाटेत शेंद्रा लागते. मांगीरबाबांच्या यात्रेमुळे हे गाव मराठवाड्याला पूर्वीपासून परिचित आहे. पुढे येथे औद्योगिक वसाहत आली, मोटारींचा कारखाना आला; आणि दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या योजनेत शेंद्रा व बिडकीन मिळून सुमारे 10 हजार एकरांची ‘ऑरिक’ ही उद्योगनगरी आकाराला आली. या परिवर्तनाचे श्रेय उद्योजकाला, अभियंत्याला व कामगाराला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु कारखान्याची पहिली वीट बसण्यापूर्वी जमिनीचा कागद निर्वेध असावा लागतो. तो तपासणारा वकील मात्र कोणाच्या नजरेत येत नाही.

मराठवाड्यात हे काम विशेष अवघड आहे. हा प्रदेश 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे जुनी महसुली दप्तरे बऱ्याच अंशी उर्दूत आहेत. इनाम जमिनींचा इतिहास वेगळा आहे आणि कुळांसाठी 1950 चा हैदराबादचा स्वतंत्र कायदा आहे. खासरा पाहणी पत्रकापासून आजच्या सातबाऱ्यापर्यंतची साखळी जुळवताना एखादा फेरफार सापडत नाही आणि सारा व्यवहार अडतो. सातबाऱ्यावर नाव लागले की मालकी सिद्ध झाली, असा समज गावोगावी आहे. वस्तुतः महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 नुसार ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते. ती मालकीहक्क निर्माण करीत नाही.

या बारकाव्यांची किंमत कुटुंबांना मोजावी लागते. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, 1961 खाली जमीन संपादित होते, मोबदला जाहीर होतो आणि त्याच दिवसांत बहिणीसमोर हक्कसोडपत्र येते. सही करताना आपण काय सोडत आहोत, हे तिला कोणी सांगितलेले नसते. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्ये केली, संसदेने 2005 मध्ये. आणि ती दुरुस्ती झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. कायदा आहे, निर्णय आहे; तो तालुक्याच्या वकिलापर्यंत आणि त्याच्याकडून त्या बहिणीपर्यंत पोहोचणे, हाच खरा प्रश्न आहे.

म्हणूनच पंचवीस-तीस वर्षे दस्त वाचलेला वकील अध्यापनाकडे वळतो, तेव्हा ती केवळ व्यवसायबदलाची घटना राहत नाही. त्याच्याजवळील ज्ञान पुस्तकात क्वचितच सापडते. तो निवृत्त झाला की ते त्याच्याबरोबर जाते.

ही परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईचे सॉलिसिटर दिनशा मुल्ला यांनी वकिलीबरोबर शासकीय विधी विद्यालयात अध्यापन केले. हिंदू कायदा आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम यांवरील त्यांचे ग्रंथ आजही वकिलांच्या टेबलावर असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण त्याहून मोठे आहे. 1923 पासून मुंबईत वकिली करणारे बाबासाहेब 1935 मध्ये शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्या पदावर असतानाच, 1937 मध्ये, त्यांनी मुंबई विधिमंडळात खोतीनिर्मूलनाचे विधेयक मांडले. कोकणातील कुळाच्या डोक्यावरचे ओझे आणि वर्गातील न्यायशास्त्र त्यांच्या दृष्टीने एकाच प्रश्नाचे भाग होते. खोती 1949 च्या कायद्याने संपुष्टात आली. याच संभाजीनगरात 1950 मध्ये त्यांनी महाविद्यालय उभारले, हाही त्याच तळमळीचा पुढचा टप्पा.

आज या वाटेवर येऊ पाहणाऱ्यास मार्ग खुला आहे. 1979 च्या नियमांनुसार वकिलाला सनद कायम ठेवून दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. पूर्णवेळ प्राध्यापकपद मात्र वेगळे. त्यासाठी एलएल.एम. आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते आणि वकिली थांबवावी लागते. मिळकतीचा आकडा घटतो. घरच्यांची संमती लागते. संभाजीनगरात माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे. 2017 पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. संधीची वाण नाही.

तथापि एक गोष्ट स्पष्टपणे सांगावयास हवी. उत्तम वकील आपोआप उत्तम शिक्षक होत नाही. न्यायालयात तो एका पक्षकाराचा असतो, वर्गात त्याला दोन्ही पक्षांचे व्हावे लागते. मोबदला मागणारा भाऊ आणि हक्कसोडपत्रापुढे थबकलेली बहीण, दोघांचेही म्हणणे त्याच प्रामाणिकपणे मांडावे लागते. युक्तिवाद जिंकण्याची वर्षानुवर्षांची सवय सोडणे सोपे नसते. ज्याला हे साधते, तो विद्यार्थ्यापुढे जुना खरेदीखताचा मसुदा ठेवतो, त्यातील चतुःसीमा वाचावयास लावतो आणि विचारतो, “यात कोणाची सही नाही?” त्या एका प्रश्नात वर्षभराचा अभ्यासक्रम सामावलेला असतो.

आपल्या परंपरेत ऋषिऋण सांगितले आहे. जे शिकलो ते पुढच्या पिढीस देऊनच ते फिटते. शेंद्र्याच्या शिवारात उद्याही जमिनीचे व्यवहार होतील, मोबदले वाटले जातील. त्या वेळी हक्कसोडपत्रापुढे बसलेल्या एखाद्या बहिणीला “ताई, आधी वाचा, मग सही करा” असे सांगणारा तरुण वकील तेथे असेल, तर त्याला घडविणाऱ्या शिक्षकाचे ऋण फिटले, असे खुशाल समजावे.