रेघ कोणी ओढावी?

निवडणूक म्हटली की डोळ्यांपुढे उभी राहते ती मतदानकेंद्रापुढची रांग, बोटावरची शाई आणि मतमोजणीच्या दिवशीची उत्कंठा. लोकशाहीचा खरा सोहळा तोच, असे आपण मानतो आणि ते खोटेही नाही. परंतु मतदार रांगेत उभा राहण्याच्या कितीतरी आधी, एखाद्या शांत खोलीत, मेजावर पसरलेल्या नकाशावर कोणीतरी एक रेघ ओढलेली असते. अमुक गाव रेघेच्या अलीकडे, तमुक पेठ पलीकडे. त्या रेघेला ना घोषणा, ना मिरवणूक. तरीही पुष्कळदा निवडणुकीचा अर्धा निकाल त्या रेघेतच दडलेला असतो. ही रेघ कोणी ओढावी, कशी ओढावी आणि केव्हा पुसून पुन्हा ओढावी, हा प्रश्न दिसावयास कारकुनी आहे. पण त्याच्या पोटात प्रत्येक नागरिकाच्या मताची किंमत सामावलेली आहे.

या प्रश्नाची सर्वांत प्रसिद्ध कथा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याची आहे. १८१२ साली तेथे एल्ब्रिज गेरी हे गव्हर्नर होते. हे गृहस्थ सामान्य नव्हते. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी ते एक होत. त्यांच्या पक्षाच्या हाती विधिमंडळ आले तेव्हा पक्षाने राज्याच्या सिनेटसाठी नवे मतदारसंघ आखले आणि गेरी यांनी त्या कायद्यावर सही केली. एसेक्स परगण्यातील एक मतदारसंघ असा काही वेडावाकडा, लांबट आणि वळसे घेणारा झाला की २६ मार्च १८१२ रोजी 'बॉस्टन गॅझेट' या वृत्तपत्राने त्याचे व्यंगचित्रच छापले. नकाशाला पंख, नखे आणि चोच लावताच त्यातून एक विचित्र प्राणी उभा राहिला. सॅलमँडर हा पालीसारखा दिसणारा प्राणी. त्याच्या नावाला गव्हर्नरांचे नाव जोडून 'गेरीमँडर' असे नवे नाव तयार झाले. पुढे त्याचेच रूढ उच्चारण 'जेरीमँडर' असे झाले.

त्या वर्षी राज्याच्या सिनेटसाठी जी निवडणूक झाली, तिचे आकडे बोलके आहेत. विरोधी फेडरलिस्ट पक्षाला ५१,७६६ मते पडली आणि गेरी यांच्या पक्षाला ५०,१६४. परंतु चाळीस जागांपैकी गेरी यांच्या पक्षाला २९ जागा मिळाल्या आणि अधिक मते मिळविणाऱ्या फेडरलिस्टांच्या वाट्याला अवघ्या ११ आल्या. काव्यगत न्याय असा की स्वतः गेरी त्याच वर्षी गव्हर्नरपदाची निवडणूक हरले. गव्हर्नर साऱ्या राज्यातून निवडला जातो. तेथे मतदारसंघाची रेघ उपयोगी पडत नाही. पुढे ते अमेरिकेचे उपाध्यक्षही झाले. पण जगाने त्यांना लक्षात ठेवले ते या एका सहीसाठी.

ही किमया साधते कशी? तिचे गणित अगदी साधे आहे. कल्पना करावी की एका भागात पन्नास हजार मतदार आहेत आणि त्यांचे दहा-दहा हजारांचे पाच मतदारसंघ करावयाचे आहेत. एका पक्षामागे तीस हजार मतदार आहेत, दुसऱ्यामागे वीस हजार. न्यायाने पाहता पहिल्या पक्षाला बहुमत मिळावयास हवे. पण रेघ दुसऱ्या पक्षाच्या हाती असेल तर तो काय करील? पहिल्या पक्षाचे नऊ-नऊ हजार मतदार तो दोन मतदारसंघांत कोंबून भरील. तेथे तो पक्ष प्रचंड मतांनी निवडून येईल. पण त्यातली निम्मी मते वाया जातील. त्याचे उरलेले बारा हजार मतदार तीन मतदारसंघांत चार-चार हजार असे पांगविले जातील आणि तेथे सहा हजारांच्या बळावर दुसरा पक्ष विजयी होईल. तिसांवर विसांनी मात केली. आणि एकही मत खोटे पडले नाही, एकही पेटी पळविली गेली नाही. मतदाराने प्रतिनिधी निवडावा हा लोकशाहीचा क्रम. येथे प्रतिनिधीच आपले मतदार निवडून घेतो.

परंतु रेघेचा दुरुपयोग केवळ ती वाकडी ओढूनच होतो असे नाही. ती मुळीच न हलविणे हाही अन्यायाचा एक प्रकार आहे, आणि तो अधिक सावकाश, अधिक निरुपद्रवी भासणारा आहे. अमेरिकेतीलच टेनेसी राज्य घ्यावे. दर दहा वर्षांनी मतदारसंख्या मोजून विधिमंडळाच्या जागांची फेरवाटणी करावी, असे त्या राज्याची घटना सांगत होती. १९०१ साली अशी वाटणी झाली आणि त्यानंतर साठ वर्षे तिला कोणी हात लावला नाही. १९०१ साली मतदानास पात्र असे सुमारे पावणेपाच लाख लोक राज्यात होते; १९६० साली ही संख्या वीस लाखांवर गेली होती. गावे ओस पडली, मेम्फिस-नॅशव्हिलसारखी शहरे फुगली, माणसे शेत सोडून कारखान्यांकडे गेली. जागा मात्र जेथल्या तेथेच राहिल्या. परिणाम असा झाला की राज्यातील सदतीस टक्के मतदार सिनेटच्या ३३ पैकी २० सदस्य निवडून देऊ लागले. आणि जे सभासद या जुन्या वाटणीवर निवडून येत, त्यांनीच ती बदलावयाची होती. ज्या फांदीवर आपण बसलो आहोत ती कोण तोडील?

अखेर शेल्बी परगण्यातील चार्ल्स बेकर आणि इतर मतदार न्यायालयात गेले. तोवर अमेरिकेतील न्यायालये या विषयापासून दूर राहत. १९४६ साली न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी या प्रश्नाला राजकारणाच्या काटेरी झाडीची उपमा देऊन न्यायालयांनी तीत शिरू नये असे बजावले होते. परंतु २६ मार्च १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की असा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेत येतो. योगायोग पाहावा: त्या व्यंगचित्राला त्या दिवशी बरोबर दीडशे वर्षे पूर्ण होत होती.

दोन वर्षांनी, १५ जून १९६४ रोजी, ॲलाबामा राज्याच्या खटल्यात त्या न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. ॲलाबामात सहा लाखांवर वस्तीच्या जेफरसन परगण्याला राज्याच्या सिनेटमध्ये एक प्रतिनिधी होता आणि अवघ्या १५,४१७ वस्तीच्या लाउंड्स परगण्यालाही एकच. म्हणजे एका ठिकाणच्या एका माणसाची बरोबरी करण्यास दुसऱ्या ठिकाणी चाळीस माणसे लागत. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या निकालपत्राचा आशय असा की, प्रतिनिधी हे माणसांचे असतात. झाडांचे किंवा एकरांचे नसतात. राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील मतदारसंघ लोकसंख्येने शक्य तितके समान असले पाहिजेत, हे तत्त्व त्या दिवसापासून तेथे दृढ झाले.

तेवढ्याने प्रश्न संपला काय? नाही. लोकसंख्या समान ठेवूनही रेघ धूर्तपणे ओढता येते, हे वरच्या पाच मतदारसंघांच्या गणितात दिसलेच आहे. आता तर संगणकाच्या साहाय्याने गल्लीगल्लीतील मतदारांचा कल पाहून रेघ आखता येते. विस्कॉन्सिन राज्यात २०१८ साली एका पक्षाला विधानसभेसाठी निम्म्याहून कमी मते पडूनही ९९ पैकी ६३ जागा मिळाल्या. पक्षीय स्वार्थाने आखलेल्या मतदारसंघांचा न्याय करणे संघराज्याच्या न्यायालयांचे काम नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले. मग लढा राज्याराज्यांत गेला. विस्कॉन्सिनमध्ये तेथल्याच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये जुना नकाशा रद्द केला. नव्या नकाशावर २०२४ साली जागांचे प्रमाण ५४ विरुद्ध ४५ असे झाले. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तर २००८ सालीच राज्य विधिमंडळाचे मतदारसंघ आखण्याचे काम आमदारांच्या हातून काढून चौदा नागरिकांच्या आयोगाकडे सोपविले होते. त्यात दोन मोठ्या पक्षांचे पाच-पाच आणि कोणत्याही मोठ्या पक्षाचे नसलेले चार, अशी रचना ठेवली.

हे सारे वाचताना भारतीय वाचकाच्या मनात येते: आपल्याकडे काय? येथे आपल्या घटनाकारांच्या आणि पहिल्या संसदेच्या दूरदृष्टीची नोंद केली पाहिजे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदारसंघ आखले गेले तेव्हा त्यांत फेरफार करण्याचा अधिकार संसदेला होता. पुढे १९५२ साली परिसीमन आयोगाचा कायदा झाला आणि ही सत्ता राजकारण्यांच्या हातून निघाली. न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने नकाशा आखावा, आमदार-खासदारांनी त्यात सहयोगी म्हणून बसावे पण त्यांना मताधिकार नसावा, मसुदा जनतेपुढे ठेवून हरकती ऐकाव्यात, आणि अंतिम आदेश सभागृहापुढे ठेवला तरी सभागृहाला त्यात एका काना-मात्रेचा फरक करता येऊ नये, अशी ही पद्धत आहे. १९५२, १९६२, १९७२ आणि २००२ असे चार वेळा या कामासाठी कायदे झाले. उज्जैनच्या एका मतदाराने आपल्या शहराचा मतदारसंघ राखीव केल्याबद्दल दाद मागितली तेव्हा, आयोगाच्या आदेशांना कायद्याचे बळ असून त्यांना न्यायालयात आव्हान देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली सांगितले. नाहीतर प्रत्येक निवडणूक दाव्यांत अडकली असती. मात्र आदेश उघड उघड मनमानीचा असेल तर न्यायालय हतबल नाही, असेही त्याच न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले.

तथापि टेनेसीला हसण्याचा अधिकार आपल्यालाही पुरता नाही. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जागांची वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठविण्यात आली. त्यामागील हेतू स्वार्थाचा नव्हता: ज्या राज्यांनी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम मनापासून राबविला, त्यांच्या जागा त्याच कारणाने कमी होऊ नयेत, एवढाच होता. परंतु जागांबरोबर मतदारसंघांच्या सीमाही थिजल्या. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर १९७८ पासून २००४ पर्यंतची प्रत्येक विधानसभा १९७१ च्या लोकसंख्येच्या आधाराने आखलेल्या नकाशावर निवडली गेली. त्या काळात गिरणगावाची धुराडी थंडावली, माणसे डोंबिवली-कल्याण-वसईकडे सरकली, आणि कोकणातील कित्येक घरांना कुलपे लागली. नकाशाला त्याचा पत्ता नव्हता.

२००१ च्या जनगणनेवर आधारलेला नवा नकाशा २००८ साली अमलात आला आणि २००९ साली महाराष्ट्राने त्यावर प्रथम मतदान केले. विधानसभेच्या जागा २८८ च राहिल्या, पण त्यांची ठिकाणे हलली. मुंबई शहराच्या जागा १७ वरून १० वर आल्या, उपनगरांच्या १७ वरून २६ वर गेल्या. तेव्हाच्या अविभक्त ठाणे जिल्ह्याच्या १३ जागांच्या २४ झाल्या. आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या सात जागांच्या पाच उरल्या. खेड आणि संगमेश्वर ही नावे मतदारसंघांच्या यादीतून गेली. न्यायाच्या तराजूत हे बरोबरच होते. चाकरमानी जेथे राहावयास गेला तेथे त्याचे मत गेले, आणि मताच्या मागोमाग जागा गेली. परंतु मागे राहिलेल्या गावाचे दुःखही खोटे नाही. डोंगराआडच्या वाडीला आता आमदार गाठण्यासाठी अधिक लांब जावे लागते, आणि आमदाराला त्या वाडीपर्यंत पोहोचण्यास अधिक दिवस लागतात. प्रतिनिधी झाडांचा नसतो हे खरेच. पण विरळ वस्तीतल्या माणसाचाही तो असला पाहिजे, हेही तितकेच खरे. म्हणूनच आपल्या कायद्याने लोकसंख्येच्या जोडीने भूगोल, दळणवळण, प्रशासकीय सीमा आणि लोकांची सोय यांचाही विचार करावयास सांगितले आहे.

या विवेचनातून एक गोष्ट ध्यानात यावी. निर्दोष रेघ जगात कोठेच नाही. प्रत्येक रेघ कोणाला तरी जोडते आणि कोणाला तरी तोडते. म्हणून रेघ सरळ आहे की वाकडी, एवढेच पाहून भागत नाही. ती ओढणाऱ्याचा हात निरपेक्ष आहे काय, ती सर्वांच्या देखत ओढली जाते काय, आणि माणसे हलली की तीही हलते काय, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. मॅसॅच्युसेट्सने पहिल्या प्रश्नाची किंमत मोजली, टेनेसीने तिसऱ्याची.

दुसरा प्रश्न मात्र प्रत्येक नागरिकाच्या स्वाधीन आहे. परिसीमनाचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकतींसाठी जाहीर बैठका भरतात, आणि तेथे बहुधा पुढाऱ्यांचीच गर्दी असते. शिक्षक, शेतकरी, गृहिणी, लहान गावचा पोस्टमन यांना आपले गाव कोणत्या बाजारपेठेशी, कोणत्या रस्त्याशी, कोणत्या नदीशी बांधलेले आहे हे जितके ठाऊक असते तितके कोणत्याही नकाशाला नसते. मतदानाच्या दिवशी रांगेत उभा राहणारा नागरिक त्या बैठकीच्या दिवशीही हजर राहील, तेव्हा रेघ ओढणाऱ्या हाताला आपल्यामागे कोणी उभे आहे याची जाणीव राहील. आणि ती जाणीव राहिली की हात सहसा वाकडा पडत नाही.