उन्हानं गोडं केलेलं पाणी : पेटी करण्याआधी हिशेब

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, पाणी नाही असं नाही. हापशी चालते, विहिरीत पाणी दिसतं. पण डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, अन् घोट घेतला की तोंड खारट. मग जार विकत घ्या, नाहीतर हंडा घेऊन लांब जा. जायचं कोणी? आपणच. म्हणून आज सौर पेटीबद्दल बोलू.

वरणात मीठ टाकून झाकण ठेवा. झाकणाला जे थेंब जमतात ते खारट नसतात. वाफ वर जाते, मीठ खालीच राहतं. पेटीत हेच काम ऊन करतं. वीज लागत नाही.

हे काही नवं नाही. चिली देशात लास सॅलिनास इथल्या खाणीवर १८७२ साली काचेच्या अशा पेट्या मोठ्या जागेवर बांधल्या होत्या. त्यातून रोज वीस हजार लिटरहून जास्त गोडं पाणी निघायचं. आपल्या देशात भावनगरच्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेनंही यावर बरंच काम केलं आहे.

पेटी अशी करतात. उथळ तसराळं, आतून काळं. त्यात एक-दोन बोटं खारं पाणी. वर उतरती काच, उतार दक्षिणेकडे. तसराळं एक मीटर रुंद असेल तर मागची बाजू पुढच्यापेक्षा साधारण सव्वा फूट उंच ठेवा. काचेच्या खालच्या कडेला पन्हळ, पन्हळीतून नळी, नळीखाली झाकलेलं भांडं. फटी नीट बुजवा. वाफ निसटली की पाणी गेलं. प्लॅस्टिकपेक्षा काच बरी, कारण काचेवरून थेंब घसरून पन्हळीत येतात, प्लॅस्टिकवरून बरेचदा परत खारट पाण्यात पडतात. रंगाचा वास जाईपर्यंत पहिल्या दिवसांचं पाणी पिऊ नका.

आता हिशेब, तायांनो. एक चौरस मीटरच्या पेटीतून चांगल्या उन्हात दिवसाला दोन ते चार लिटर पाणी मिळतं. ढगाळ दिवसात त्याहून कमी. पाच माणसांच्या घराला नुसतं प्यायला पंधरा लिटर धरा. म्हणजे तीन लिटरच्या हिशेबानं पाच पेट्या लागतात. एका पेटीत अख्ख्या घराचं भागतं असं कोणी सांगत आलं, तर त्याला हा हिशेब दाखवा. भांडी, धुणं, जनावरं यासाठी ही पेटी नाही.

काळजी काय घ्यायची? मीठ, फ्लोराइड, नायट्रेट खाली राहतात. पण फवारणीच्या औषधाचा किंवा रॉकेलचा वास येणारं पाणी पेटीत घालू नका. त्यातलं काही वाफेबरोबर वर येऊ शकतं. काच रोज पुसा. तळाला मीठ साचतं, म्हणून काही दिवसांनी जास्तीचं पाणी घालून तसराळं धुवा. ते धुवण शेतात, परसबागेत टाकू नका. गोळा झालेलं पाणी स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातच ठेवा. त्याची चव जरा बेचव लागते. दोन भांड्यांत उलटसुलट ओतलं की बरी लागते. पावसाळ्यात पेटी कमी देते, तेव्हा छपरावरचं पावसाचं पाणी साठवा. तेही गोडंच असतं.

माझं म्हणणं एवढंच. लगेच कर्ज काढून पाच पेट्या घेऊ नका. गटानं मिळून एक करा. रोज संध्याकाळी वहीत लिहा : आज ऊन कसं होतं, किती लिटर मिळालं. महिन्याभरानं खर्च अन् जारचे पैसे शेजारी शेजारी मांडा. आकडे पटले तर पुढचा ठराव करू, नाही पटले तर पैसा वाचला. प्रत्येक गावातून एक गट पुढे येईल का, ते आज इथंच सांगा.