डॉक्टरकी सोडण्याआधीची वर्षं

मनासारखं काम शोधताना 'मला जमेल का?' ही शंका भल्याभल्यांना गाठते. अशा वेळी डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण आठवावं. ते कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. पुण्यात व्यवसाय केला, काही काळ आफ्रिकेत टांझानियातही. ओढ मात्र नाटकाची. १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' नाटकातले गणपतराव बेलवलकर त्यांनी उभे केले.

'केवढं हे धाडस!' असं आपण म्हणतो, पण त्याआधीची वर्षं विसरतो. वैद्यकीय शिक्षण घेत असल्यापासून ते नाटकात काम करत होते. पुढे पुण्यात भालबा केळकरांसारख्या सोबत्यांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या नाट्यसंस्थेची नाटकं केली, तीही रुग्ण सांभाळून. माझ्या मते खरं बळ तिथलं. शंका नुसत्या विचारानं हटत नाही. हातून काम होत गेलं की तिचा जोर ओसरतो.

तेव्हा हातची नोकरी तडकाफडकी सोडू नका. आवडीच्या कामासाठी आठवड्यातले दोन तास राखून ठेवा, केलेलं काम एखाद्या जाणकाराला दाखवा आणि तो काय म्हणतो ते वहीत टिपून ठेवा. या रविवारीच सुरुवात करा.