सांगितलेला भाव, पटलेला भाव

धरणगावच्या आमच्या घरी जुन्या ट्रंकेत बिग फन च्युइंगमची क्रिकेटची कार्डे सापडली. पुतण्याने इंटरनेटवर पाहिले, तर तशाच एका कार्डाला ५,००० रुपये! "काका, कॉलेजची फी निघाली!" तो हरखला.

मी म्हटले, "अरे, कापसाचा भाव तोंडी काहीही सांगतात; खरा तो काटापट्टीवरचा."

ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी पाहता येते, साधारण मागच्या ९० दिवसांची. तिथे तशी कार्डे फारच स्वस्तात गेलेली. कापसासारखी इथेही प्रत पाहतात. कोपरा दुमडला की भाव उतरतो. म्हणून सारख्या प्रतीच्या पाच-सात विक्री पाहून मधला आकडा धरावा.

फी शेवटी कापसावरच भरली.