गाडीत 'टक्' वाजतं तेव्हा

शेलूहून बोलतेय. आज विषय जरा ग्रीस-ऑइलचा आहे, पण रेडिओ बंद करू नका. पैसे आपल्याच गटाचे आहेत.

आपल्या भागात काही गटांनी छोटा हत्ती घेतलाय. भाजी कल्याणच्या बाजार समितीत न्यायची, येताना किराणा आणायचा. गटाने गाडी चालवायची ही कल्पना नवी नाही. केंद्र सरकारची आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना 2017 साली त्यासाठीच आली, ती प्रवासी गाड्यांसाठी. गाडी आली की दुरुस्तीची बिलंही येतात. त्यातलं एक वाक्य माझ्या ओळखीचं झालंय. चालक सांगतो, "ताई, गिअर टाकून क्लच सोडला की मागे टक् वाजतं." गॅरेजवाला खाली न वाकताच म्हणतो, "डिफरन्शियल गेलं." बैठकीत सगळ्या गप्प बसतात आणि अध्यक्ष सही करतात.

मी बी.ए. झाले तेही मराठी घेऊन. मेकॅनिक नाही मी. पण सही करण्याआधी काय बघायचं हे कुणालाही समजण्यासारखं आहे.

जातं आठवा. खुंटा सैल झाला की आधी हात फिरतो, मग दगड. मधल्या त्या मोकळ्या जागेला गॅरेजमध्ये 'प्ले' म्हणतात. घरच्या मोटरसायकलला चेन असते. ती सैल झाली की मागच्या चाकाचा नट ढिला करून चाक मागे ओढलं, काम झालं. छोट्या हत्तीला चेन नाही. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, आणि मधे लांब लोखंडी दांडा, त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. माथेरानच्या घाटात दस्तुरीपर्यंत चढणाऱ्या ओम्नी-ईकोलाही तसाच. काही महागड्या मोटरसायकलींनाही चेनऐवजी शाफ्ट असतो, आणि दुखणं त्यांचंही हेच. शाफ्टला चेनसारखं ओढून घट्ट करता येत नाही. झिजलेला भाग शोधायचा आणि बदलायचा.

आता हा भाग एक नसतो. शाफ्टच्या टोकांना अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी क्रॉस असतो. चारही टोकांवर वाट्या, वाट्यांत सुईसारखे बारीक रोलर. त्यापुढे मागच्या गोळ्यात, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, क्राऊन आणि पिनियन ही दात्यांची जोडी. तिथून ॲक्सल आणि चाकं. प्रत्येक ठिकाणी थोडाथोडा प्ले साचतो आणि चालकाला एकच 'टक्' ऐकू येतो. दात्यांच्या जोडीत तर केसाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर ऑइल आत जाणार कसं आणि लोखंड तापून फुगणार कुठे? म्हणून "प्ले आहे" एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. किती आहे आणि कुठे आहे, ते विचारा.

गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घ्यायला लावा. इंजिन बंद, चावी तुमच्या हातात. हँडब्रेक ओढलेला, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, गिअर न्यूट्रल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका, मेकॅनिकलासुद्धा. मग दादांना सांगा, "आधी बोल्ट बघा." शाफ्टचे बोल्ट आणि पाट्यांचे यू-क्लॅम्प ढिले असले तरी असाच आवाज येतो. ते आवळायला खर्च नाही. इंजिनच्या फाउंडेशनचं रबर फाटलं असेल तर इंजिनच झटका खातं, तेही बघायला हवं.

यानंतर क्रॉस. क्रॉसच्या एका बाजूचं लोखंड एका हाताने घट्ट धरायचं, दुसऱ्या हाताने पलीकडची बाजू पिळायची, मग वरखाली हलवायची. दोघांच्या मधे डोळ्यांना दिसेल अशी हालचाल झाली तर क्रॉस गेला. वाटीभोवती तांबूस भुकटी दिसली तर आत ग्रीस संपून गंज चढलाय. आपल्याकडे हे फार होतं. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून, शेताच्या चिखलातून गाडी जाते आणि ग्रीस धुऊन निघतं. हळू चालवताना शाफ्टच्या लयीत 'चिक् चिक्' येत असेल तर पहिला संशय क्रॉसवरच घ्यावा.

क्रॉस ठीक निघाले तर डिफरन्शियलच्या तोंडाशी जिथे शाफ्ट जोडलाय ती चकती वरखाली हलवायला सांगा. ती हलली, किंवा तिथून ऑइल पाझरत असलं, तर पिनियनच्या बेअरिंगकडे बघावं लागेल. ती चकती वरखाली घट्ट आहे, पण फिरवल्यावर दोन्हीकडे बरीच रिकामी फिरते आणि मगच अडते, शिवाय वेग वाढला की मागून 'घूंऽऽ' चढत जातो, तर गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं असू शकतं. तेव्हा खर्चाला कुरकुर करू नका. क्राऊन-पिनियन जोडीनेच बदलतात, एक जुना एक नवा चालत नाही. फट मोजायला डायल गेज लागतो. "अंदाजाने बसवतो" म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नये. घट्ट बसवलं की नवीन दाते आवाज करत लवकर जळतात.

क्रॉस शेकड्यांतला, क्राऊन-पिनियन हजारांतलं. फरक एवढाच आहे, आणि गटाच्या हप्त्याएवढा आहे.

पण स्वस्त आहे म्हणून क्रॉस पुढच्या महिन्यावर ढकलू नका. तो चालू गाडीत तुटला तर शाफ्ट रस्त्यावर आपटतो. पुढचं टोक सुटून जमिनीत रुतलं तर गाडी मागून उचलली जाते, आणि आपल्या गाडीत पहाटे भाजीबरोबर दोघी-तिघी बायका बसलेल्या असतात. (त्या बसू नयेत, तो विषय पुन्हा कधीतरी.)

शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही जोडांवर रंगाची रेघ मारून घ्यायला सांगा, म्हणजे होता तसाच परत बसेल. उलटा बसला की गाडी थरथरते आणि नवा क्रॉसही लवकर जातो. क्रॉसला ग्रीसची निप्पल असेल तर प्रत्येक सर्व्हिसला, आणि खोल पाण्यातून गाडी गेली की लगेच ग्रीस मारा, वाट्यांच्या कडेने ताजं ग्रीस डोकावेपर्यंत. बिलावर 'मागचं काम' असं मोघम लिहू देऊ नका, भागाचं नाव लिहून घ्या. काढलेला जुना भाग पिशवीत घालून बैठकीत आणा. कोषाध्यक्षाने तो हातात धरून वाटी हलवून बघायची, मग पैसे द्यायचे.