गोळी, पायपीट आणि पहिली सहा वर्षं



‘डॉक्टर, गोळी नको. एकदा सुरू झाली की सुटत नाही.’ शुगर निघाल्याचं नुकतंच कळलेल्या माणसाचं हे ठरलेलं वाक्य. दहा वर्षं गोळ्या घेणारा वेगळंच म्हणतो, ‘गोळी चालू आहे ना, मग आमरसाची एक वाटी चालेल.’ वरवर पाहता ही दोन टोकं वाटतात, पण समजूत एकच आहे : गोळी असेल तर पथ्य नको आणि पथ्य असेल तर गोळी नको. आज मला या समजुतीशी भांडायचं आहे. टाइप टू मधुमेहात औषधाचं काम वेगळं, चालण्या-खाण्याचं वेगळं. कोणाचं पारडं कधी जड होतं हे बरंचसं आजाराच्या वयावर ठरतं.

आजाराचं वय म्हणजे तुमचं वय नव्हे. मधुमेह सापडतो त्या दिवशी तो नवा नसतो. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या यूकेपीडीएस या अभ्यासातून असं दिसलं की, निदानाच्या वेळीच इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींचं काम निम्म्यावर आलेलं असतं आणि नंतरही ते उतरत जातं. हा उतार थांबवता येतो का, याचं सर्वांत हिमतीचं उत्तर न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी शोधलं. यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी काढली तर थकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतील, असं टेलर यांचं म्हणणं. ‘डायरेक्ट’ या त्यांच्या चाचणीत ३०६ रुग्ण होते. त्यातल्या निम्म्यांच्या शुगरच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या आणि त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींवर ठेवलं, तेही सूप आणि शेकवर. वर्षभराने त्यांतले ४६ टक्के लोक औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होते. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन घटवलं त्यांच्यात तर ८६ टक्के. निकाल २०१७ साली आले आणि ‘मधुमेह कायमचा’ या वाक्याला गंभीर तडा गेला.

आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरतो तो एवढाच भाग. पुढचा कोणी पाठवत नाही. या चाचणीत मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतलेच लोक घेतले होते, इन्सुलिनवर कोणीही नव्हतं आणि सगळे अंगाने जाड होते. दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले. पुढे पाच वर्षांपर्यंत ज्यांचा पाठपुरावा चालू राहिला, त्यांच्यात १३ टक्के उरले. वजन परत चढलं की शुगरही चढली. याला मी फसवणूक म्हणणार नाही. वर्षभर गोळीविना ठीक राहणं ही मोठी गोष्ट आहे. पण त्याला ‘मधुमेहमुक्ती’ म्हणून आयुष्यभराचं प्रमाणपत्र वाटणं मला पटत नाही. रेमिशन म्हणजे आजार मागे हटलेला असतो, घर सोडून गेलेला नसतो. तपासणी दरवर्षी करायचीच.

आता आपल्याकडचा पेच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरमित्रांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! हातपाय बारीक, पोट मात्र आतून भरलेलं, हा आपला देशी साचा. अशा माणसाला ‘१५ किलो उतरव’ सांगितलं तर तो उतरवणार कुठून?

पण म्हणून हात टेकायचं कारण नाही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या, म्हणजे आपण ज्यांना ‘बॉर्डरवर’ म्हणतो अशा ५३१ लोकांवर केलेला अभ्यास २००६ साली आला. अमेरिकेत अशाच लोकांमध्ये आहार-व्यायामाने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं आणि मेटफॉर्मिन या गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईत आहार-व्यायामाने साडेअठ्ठावीस टक्के, मेटफॉर्मिनने जवळपास साडेसव्वीस, दोन्ही एकत्र करूनही अठ्ठावीसच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे फायदा कमी आणि दोन्हींची बेरीजही होत नाही. यातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट मात्र मथळ्यात आली नाही : चेन्नईच्या लोकांचं वजन फारसं घटलंच नव्हतं, तरी फायदा झाला. चालणारा स्नायू इन्सुलिनची फार वाट न पाहता रक्तातली साखर उचलतो, त्यामुळे वजनकाटा हलला नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांनी हा अभ्यास ध्यानात ठेवावा.

औषधांबद्दल आपल्या मनात राग फार. ‘गोळ्यांनी किडनी जाते’ हे मी आठवड्यातून अनेकदा ऐकतो. किडनी बिघडते ती बहुतेकदा वर्षानुवर्षं चढ्या राहिलेल्या शुगरने आणि बीपीने. मेटफॉर्मिन किडनी बिघडवत नाही. किडनी आधीच फार बिघडलेली असेल तर ती गोळी थांबवावी लागते आणि लोक त्याचा उलटा अर्थ लावतात. तिचा खरा दोष दुसराच आहे. ती वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं. शाकाहारी घरात ते मुळातच कमी, मग पायाला मुंग्या येतात आणि खापर शुगरवर फुटतं. साध्या रक्ततपासणीने हे कळतं.

यूकेपीडीएसचा एक निकाल मला कायम थक्क करतो. अभ्यास संपल्यावर वर्षभरातच काटेकोर आणि साधे उपचार मिळालेल्या दोन्ही गटांची शुगर सारखी झाली होती. तरीही ज्यांची शुगर सुरुवातीची वर्षं काटेकोर सांभाळली गेली, त्यांना दहा वर्षांनंतरही हार्ट ॲटॅक आणि मृत्यू यांचा धोका कमी राहिला. शरीर सुरुवातीच्या वर्षांचा हिशेब विसरत नाही. म्हणूनच ‘सहा महिने काढा घेऊन बघतो, मेथ्या भिजवून बघतो’ असं करत दोन-तीन वर्षं साडेनऊचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) अंगावर काढणं मला परवडणारं वाटत नाही. गोळी घ्या, शुगर खाली आणा, त्या आधाराने चालायला लागा. पुढे गोळी कमी करायची वेळ आली तर ती आनंदाने कमी करू.

उलट अतिरेकही नको. ‘ॲकॉर्ड’ या अमेरिकन अभ्यासात एचबीए१सी सहाच्या खाली दाबायचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू वाढले आणि २००८ साली तो भाग थांबवावा लागला. सत्तरीच्या आजोबांचा रिपोर्ट साडेसात आला म्हणून घरच्यांनी घाबरून त्यांचं जेवण तोडू नये. दुसऱ्या बाजूने, ‘लुक अहेड’ या अभ्यासात पाच हजारांवर जाड मधुमेहींपैकी निम्म्यांनी वर्षानुवर्षं काटेकोर आहार-व्यायाम केला. त्यांना औषधं कमी लागली, पण हार्ट ॲटॅक कमी झाले नाहीत. याउलट एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीने आधीच हृदयविकार असलेल्यांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटवले, असं २०१५ साली दिसलं. हृदय दुखावलेलं असेल तिथे मी ‘आधी चालून बघा’ म्हणत बसत नाही.

आता खाण्याकडे. ज्वारीच्या भाकरीला आपण औषधाचा दर्जा दिला आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सत्तरएक ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या आसपासच. तीन भाकऱ्या आणि चमचाभर भाजी या जेवणाने शुगर चढणारच. भाकरी एक कमी करून तिच्या जागी उसळ आणि भाजी वाढवा. एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा तर निव्वळ स्टार्च. डॉ. जिचकारांची मूळ कल्पना पुढे नेत डॉ. दीक्षितांनी पसरवलेली दोन जेवणांची पद्धत अनेकांना मानवते, कारण मधलं चिवडा-बिस्किट बंद होतं. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांशी न बोलता ही पद्धत सुरू केली तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि घरोघरी ‘लाइफस्टाइल बदला’ हा सल्ला पुरुषाला मिळतो, राबते मात्र बाई : त्याच्यासाठी वेगळं शिजवते आणि स्वतः उरलेल्या भातावर भागवते. तिची शुगर कोणी तपासलेली नसते.

आता चालण्याकडे, म्हणजे वारीकडे. दरवर्षी पालख्या निघतात. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. रोजच्या चालण्याने स्नायू साखर भराभर उचलतात, गोळ्यांचा डोस मात्र घरी बसून ठरलेला असतो. घाम, थरथर, धडधड, बोलण्यात असंबद्धता ही शुगर उतरल्याची चिन्हं दिसली की लगेच साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा. अनवाणी चालू नका, रात्री तळवे दुसऱ्याकडून बघून घ्या, कारण बधिर पायाला फोड कळत नाही. आणि प्रस्थानाच्या दोन-तीन आठवडे आधी आपल्या डॉक्टरांना गाठून वारीपुरता डोस लिहून घ्या. इन्सुलिन असेल तर ते उन्हात न तापता न्यायचं कसं, हेही त्याच भेटीत विचारा.