शाळेच्या गेटाच्या आत
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणावरून)



कमिटीने मला विषय दिला होता ‘शिक्षणाचे महत्त्व’. त्यावर आपल्या समाजाला आता फार सांगावं लागत नाही. बाबासाहेबांनी सांगितलं, आपण ऐकलं. पोटाला चिमटा घेऊन आपण पोरं शाळेत घालतो. म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन मी विषय जरा पुढे नेला आहे. पोर शाळेच्या गेटाच्या आत गेल्यावर पाच-सहा तास त्याचं काय होतं, हे आपल्याला माहीत आहे काय?

मी साचेखात्यातला माणूस. आमच्याकडे अपघात एकदम होत नाही. धोटा उडून कुणाला लागला, तर त्याच्या आधी चार दिवस साचा वेगळा आवाज देत असतो. जुना कामगार तो आवाज ओळखतो, नवा माणूस दुर्लक्ष करतो. पोरंसुद्धा आवाज देतात. पोट दुखतं म्हणतात, शाळेत जायचं नाही म्हणून रडतात, रात्री अंथरूण ओलं करतात. आणि आपण काय करतो? दोन धपाटे घालून दप्तर पाठीला अडकवतो.

आपल्याच वस्तीतलं उदाहरण सांगतो, नाव घेत नाही. दुसरीतला मुलगा. रोज सकाळी पोट धरून बसायचा. आई म्हणायची, ढोंग करतो. मग ताप आला, लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, पोरगं लघवी तुंबवून ठेवतं काय? तेव्हा कुठे ते बोललं. शाळेच्या मागच्या संडासाला कडी नव्हती. मोठी पोरं दार ढकलायची, हसायची. म्हणून त्याने शाळेत पाणी पिणंच सोडलं होतं. एक कडी, बाजारात किरकोळ पैशात मिळणारी! तेवढ्यासाठी एक लेकरू दोन महिने तहानलेलं राहिलं. शेवटी वस्तीतल्या एका सुताराने जाऊन ती बसवली आणि मधल्या सुट्टीत मोठ्या पोरांवर नजर ठेवायला एक गुरुजी मागे उभे राहू लागले.

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे, हे आपण दर वर्षी ऐकतो. त्यातला पाण्याचा भाग पुन्हा आठवा. नळाला हात लावायचा नाही. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. स्वतः बाबासाहेबांनी हे लिहून ठेवलं आहे. आज तो काळ राहिला नाही. पण शाळेत गेलेलं आपलं पोर पाणी प्यालं काय, हा प्रश्न आपण आजही विचारला पाहिजे.

आता कडी बसवायला कुणाला सांगायचं? इथे कायदा आपल्या बाजूला आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी, म्युनिसिपल आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चार हिश्शांपैकी तीन हिस्से पालक पाहिजेत, आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका पाहिजेत. दुर्बल घटकांतल्या मुलांच्या आईबापांनाही त्यांच्या प्रमाणात जागा आहे. शाळेचा कारभार बघणं, आलेला पैसा कुठे गेला ते बघणं हे या समितीचं काम. म्हणजे कडी का नाही, हे विचारायला तुम्हाला कुणाच्या पाया पडायचं नाही.

पण प्रत्यक्षात काय चालतं? सभा होतच नाही. शिपाई रजिस्टर घेऊन घरी येतो. बाई भाकऱ्या थापत असते, पिठाचा हात पुसते आणि सही करते. तिला विचारा, तुम्ही समितीवर आहात काय? ती म्हणते, मला काय ठाऊक, गुरुजींनी सही मागितली. मी गुरुजींना दोष देत नाही. त्यांच्या डोक्यावर कागदांचा ढीग आहे, मतदार याद्यासुद्धा त्यांनीच करायच्या. पण माता-भगिनींनो, सही ही फार मोलाची वस्तू आहे. न वाचता ती देऊ नका.

खिचडीचंही तसंच. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या एका गावात शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं गेली. तेलात कीटकनाशक मिसळलेलं होतं. चव वेगळी लागते असं मुलांनी म्हटल्याचं नंतर पुढे आलं. पोरांचं ऐकलं असतं तर? मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसांनी, त्यात एक शिक्षक पाहिजेच, अन्न चाखायचं असा आता नियम आहे. आपल्यातली एखादी आजी आठवड्यातून दोन दिवस चव बघायला गेली तर कोण अडवणार? आजीच्या जिभेपुढे कुठलं मशीन टिकतं!

आता जे बोलायचं आहे त्याला आपल्याकडे लोक मान खाली घालतात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीस आलं. आरोप शाळेतल्याच सफाई कामगारावर होता. आईबापांना तक्रार नोंदवायला पोलीस ठाण्यात तासन् तास बसावं लागलं. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. त्यानंतर शासनाने निर्णय काढला : शाळांत कॅमेरे, तक्रारपेटी, नोकरांची पोलिसांकडून पडताळणी, सखी सावित्री समिती. चांगलं आहे. पण कॅमेरा संडासात लावता येत नाही, आणि शाळेच्या रिक्षात एकावर एक बसलेल्या बारा पोरांवर तो नजर ठेवत नाही. तिथे माणूसच पाहिजे. लहान मुलींना संडासला नेणारी बाई आहे काय, रिक्षावाला कोण, कुठे राहतो, एवढं तरी आपण विचारावं.

आणि घरी पोर काही बोललं तर? पहिली गोष्ट, त्याच्यावर विश्वास ठेवा. चूक त्याची नाही हे त्याला सांगा. पोक्सो कायदा २०१२ चा आहे, अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी आणि मुलांसाठीही. होय, मुलांसाठीही, कारण मुलग्याला काय होतंय असं आपण समजतो. ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, ही सक्ती आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. मुलाचा जबाब घरी घेता येतो, पोलिसाने वर्दी घालायची नाही, शक्यतो बाई अधिकारीच पाहिजे. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. नाव छापता येत नाही. काहीच सुचलं नाही तर १०९८ हा फुकटचा नंबर फिरवा. १९९६ साली तो मुंबईतच सुरू झाला. पोरांना पाढ्यांबरोबर तो पाठ करून घ्या.

पण आपल्याकडे पोलिसांच्या आधी बैठक बसते. चार जाणती माणसं जमतात. पोरीचं पुढे लग्न व्हायचं आहे, बोभाटा नको, आपसात मिटवा. समोरच्याने माफी मागितली, थोडे पैसे दिले, झालं. शेजारच्या वस्तीत असंच झालं. शिकवणीवाला होता. ती आई मात्र उठली, शेजारच्या दोन बायांना बरोबर घेतलं आणि थेट ठाण्यात गेली. तिच्या घरचेच पुरुष महिनाभर तिच्याशी बोलत नव्हते. मी कमिटीसमोर स्पष्ट सांगतो, काही लोकांना राग येईल, येऊ द्या : असल्या मिटवामिटवीची बैठक या विहारात कधीही होता कामा नये. आरोपी आपल्या समाजाचा असला, वर्गणी देणारा असला, तरीही नाही. बुद्धाच्या मूर्तीसमोर लेकराची किंमत ठरवायची नसते.

वर्षावासात भन्तेजींनी सिगालोवाद सुत्त समजावून सांगितलं होतं. त्यात आचार्याने शिष्यासाठी करायच्या पाच गोष्टी आहेत. नीट वळण लावणं, नीट शिकवणं हे त्यात आहेच, पण शेवटची गोष्ट आहे सर्व दिशांनी त्याचं रक्षण करणं. अडीच हजार वर्षांपूर्वी गुरूच्या कामातच संरक्षण धरलेलं होतं. हे आपल्या शाळेतल्या बाईंना सांगितलं तर त्यांना आनंदच वाटला. एक बाई तर म्हणाल्या, आमच्या ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगितलं नाही.

आणखी एक, आणि मग थांबतो. एका शाळेत शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी भर वर्गात ‘एस.सी.वाली पोरं उभी राहा’ असं म्हटलं जायचं. चौथीतली मुलगी घरी येऊन विचारते, बाबा, आपण काय केलंय? तिला कुणी मारलं नाही, तरी मार लागलाच. त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये मारहाणीबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. पालकांनी भांडण केलं नाही. तिघंजण गेले, मुख्याध्यापकांसमोर शांतपणे बसले आणि म्हणाले, यादी ऑफिसात आहे, फॉर्म आम्हाला बोलावून द्या. दुसऱ्या दिवसापासून ते बंद झालं.

तर माझी मागणी छोटी आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाल्यावर शाळेत पोरं असलेल्या घरांनी इथेच पंधरा मिनिटं बसावं. समितीवर आपल्यातलं कोण आहे ते आधी शोधू, मग सभा कधी आहे ते हेडमास्तरांना लेखी विचारू. पोरांनाही बोलू द्यायचं, मध्ये कुणी दटावायचं नाही. मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन यायला मला चार बाया आणि दोन पुरुष पाहिजेत. पाळीवरून सुटलेली माणसंही चालतील, मी पहिलं नाव माझं घालतो. दाराजवळ वही ठेवली आहे, खीरदान घेऊन जाताना नाव लिहून जावं. लिहिता येत नसेल तर आपली पोरं लिहून देतील.

जयभीम, नमो बुद्धाय.